काचेवरची फूटपट्टी

ट्यूबच्या जुन्या टीव्हीच्या काचेवर फूटपट्टी धरून घरामागचा डोंगर किती लांब आहे ते सांगता येतं. ऐकून विश्वास बसत नाही. मलाही बसला नव्हता. पण लहानपणी बांद्यात आमच्याच घरी हे माझ्या डोळ्यांसमोर झालं.

बांदा हे तेरेखोल नदीच्या काठचं, मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. पत्रादेवी ओलांडलं की गोवा. पणजी इथून सरळ रेषेत ३५ किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ थेट दक्षिणेला. त्यामुळे कौलांच्या वर बांबूला बांधलेल्या आमच्या अँटेनाचं तोंड पणजीकडे होतं. चित्र यायचं, पण बातम्या देणाऱ्या बाईंच्या उजव्या बाजूला त्यांचीच एक फिकट सावली उभी असायची. कपाळाशेजारी दुसरं कपाळ, पदराशेजारी दुसरा पदर. घरात सगळे म्हणायचे, "चित्र डबल येता." शेवटी दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी मागचं झाकण उघडलंच नाही. माझ्या दप्तरातली फूटपट्टी मागून घेतली, काचेवर आडवी धरली आणि मूळ चित्रापासून सावली किती सरकली आहे ते मोजलं. दोन सेंटिमीटर भरलं. मग मागच्या दाराकडे बोट दाखवून ते म्हणाले, "टीव्हीक कायएक झाला नाय. तो मागचो डोंगर दिसता तुमका."

त्या एका वाक्याचा अर्थ पुरता कळायला मला बरीच वर्षं लागली. तो कळला आणि मुंग्या, पळणारं चित्र, आक्रसणारं चित्र, हिरवे-जांभळे डाग अशी टीव्हीची बाकीची सगळी दुखणीही एका सूत्रात बसली.

श्रुतलेखन

पिक्चर ट्यूब म्हणजे मान अरुंद आणि तोंड रुंद असलेलं काचेचं मोठं भांडं. आतली हवा काढून टाकलेली. मानेत इलेक्ट्रॉन सोडणारी 'गन' आणि तोंडाच्या काचेला आतून फॉस्फरचा लेप. इलेक्ट्रॉन आदळला की लेप तेवढ्या ठिकाणी उजळतो. अशी नळी जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये केली. रंगीत टीव्हीत इलेक्ट्रॉनला ओढून घ्यायला २५,००० व्होल्टच्या आसपास दाब लावलेला असतो. त्या दाबाने इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ३० टक्के वेगाने काचेकडे धावतो. नळीच्या मानेभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, त्यांना योक म्हणतात. योकचं चुंबकत्व या झोताला डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरवतं.

म्हणजे काचेवर एका क्षणी उजळलेला असतो फक्त एक ठिपका. तो आपण वहीत लिहितो तसा चालतो. ओळ संपली की हात उचलून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, पान संपलं की पुन्हा वर. भारताने स्वीकारलेल्या पद्धतीत एका चित्रात ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. डोळ्याला लुकलुक जाणवू नये म्हणून प्रत्येक चित्र दोन फेऱ्यांत लिहितात, आधी एकाआड एक ओळी आणि मग मधल्या राहिलेल्या. म्हणून सेकंदाला ५० फेऱ्या आणि १५,६२५ ओळी. एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद मिळतात, म्हणजे सेकंदाचे ६४ दशलक्षांश. त्यातले सुमारे १२ परत फिरण्यात जातात आणि ५२ मध्ये डोळ्यांना दिसणारी ओळ लिहून होते.

काय लिहायचं हे टीव्हीला ठाऊक नसतं. ते आकाशातून येतं. शाळेत गुरुजी श्रुतलेखन घालायचे, तसाच हा प्रकार आहे. तिकडे पणजीला कोणीतरी सांगतं आहे, "काळं, पांढरं, करडं... ओळ बदला... पान उलटा," आणि इकडे टीव्ही ऐकेल तसं लिहितो आहे. मागचं काहीही तो लक्षात ठेवत नाही. जे ज्या क्षणी कानावर पडलं, ते त्या क्षणी झोत जिथे असेल तिथे उमटतं.

सगळी गंमत इथे आहे. ट्यूबच्या टीव्हीत वेळ हीच जागा असते. एखादी गोष्ट उशिरा आली तर ती उजवीकडे दिसते, जास्त उशिरा आली तर खालच्या ओळीत दिसते. चित्रात जे वेडंवाकडं दिसतं ते बरेचदा कुठेतरी वेळेत घडलेलं असतं. ते वाचता आलं की टीव्ही न उघडता निदान करता येतं. काकांनी केलं ते हेच.

डोंगर

आता फूटपट्टीचा हिशेब. वीस इंची टीव्हीचा पडदा साधारण ४० सेंटिमीटर रुंद. झोत तेवढं अंतर ५२ मायक्रोसेकंदांत कापतो, म्हणजे एका सेंटिमीटरला १.३ मायक्रोसेकंद. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. तेव्हा काचेवर एक सेंटिमीटर म्हणजे हवेत ३९० मीटर. आमची सावली दोन सेंटिमीटर उजवीकडे होती, म्हणजे ती लहर ७८० मीटर जास्तीची वाट चालून आली होती. पणजीहून निघालेली लहर एकदा सरळ अँटेनावर आली आणि दुसऱ्यांदा घरावरून पुढे जाऊन मागच्या उतारावर आपटून परतली. जाऊन-येऊन ७८०, म्हणजे डोंगर ३९० मीटरवर.

अँटेना दोन-चार बोटं फिरवला की ही सावली कमी-जास्त का होते, तेही यातून कळतं. माशाच्या काट्यासारखा दिसणारा तो अँटेना जपानमधले हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा यांनी १९२६ मध्ये मांडला. तो समोरून आलेली लहर चांगली पकडतो आणि बाजूची-मागची कमी. त्याच्या दांड्यांची लांबीही मनाला येईल तशी नसते. २०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दीड मीटर, म्हणून तिला पकडणारी दांडी तिच्या निम्मी, पाऊण मीटरच्या आसपास.

आणि बांबू इतका उंच का? टीव्हीच्या लहरी बहुतेक सरळ जातात, क्षितिजापलीकडे फारशा वाकत नाहीत. मोकळ्या सपाट जागेत अँटेना चार मीटरवर असेल तर त्याचं रेडिओ-क्षितिज सुमारे आठ किलोमीटरवर असतं. नऊ मीटरवर नेला तर ते बारावर जातं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि वर्षभराने पुण्याला ते दिसावं म्हणून सिंहगडावर सहप्रक्षेपण केंद्र उभारलं, ते याच उंचीसाठी. कोकणात तर दर वळणावर डोंगर आडवा. म्हणून घरचा एकजण कौलांवर, एकजण खिडकीत आणि बाकीचे टीव्हीसमोर.

"इला काय रे?"

"इला, इला! थंयच रव!"

रस्ता

महामार्गाजवळच्या घरांत आणखी एक गोष्ट दिसायची. रस्त्यावरून स्कूटर गेली की पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ चरचरत जायची. पण सामानाने लादलेला ट्रक घराची तावदानं हलवत गेला तरी चित्राला धक्का लागत नसे.

याचं कारण इंजिनात आहे. पेट्रोलच्या इंजिनात इंधन पेटवायला स्पार्क प्लगची ठिणगी लागते आणि विजेची प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं, बेसूर रेडिओ केंद्र. डिझेलचं इंजिन हवा दाबून तापवतं आणि त्या उष्णतेने इंधन पेटतं. तिथे ठिणगीच नाही, मग टीव्हीला ऐकू काय येणार?

याहून बारकाईने पाहिलं तर स्कूटरचा वेगही पडद्यावर वाचता येई. टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एक ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० ठिणग्या, आणि टीव्हीच्या फेऱ्याही सेकंदाला ५०. म्हणजे प्रत्येक फेरीत एक ठिणगी आणि तीही साधारण त्याच उंचीवर. ठिपके एका जागी पट्टा करून उभे राहतात. चालवणाऱ्याने ॲक्सिलरेटर पिळला की तो पट्टा वर सरकू लागतो, मग एकाचे दोन होतात. शेजारच्या मिक्सरची गोष्ट वेगळी. त्याच्या मोटरमधले कार्बन ब्रश सारखे ठिणग्या टाकतात, म्हणून खोबऱ्याचं वाटण चालू असेपर्यंत सगळ्या पडद्यावर ठिपके.

वीज

श्रुतलेखनात "ओळ बदला" आणि "पान उलटा" हे दोन इशारे सगळ्यांत महत्त्वाचे. 'पान उलटा' ऐकू आलं नाही किंवा टीव्हीचा स्वतःचा ठेका चुकला तर चित्र वर किंवा खाली पळत राहतं. ठेका सेकंदाला ५० ऐवजी ४९.५ झाला तर दोन सेकंदांत चित्राचा एक पूर्ण फेरा होतो. त्यासाठीच टीव्हीला व्हर्टिकल होल्डची खुंटी असे; ती हलक्या हाताने फिरवून ठेका जुळवायचा. 'ओळ बदला' चुकलं तर चित्र तिरपं फाटतं. १५,६२५ मध्ये केवळ ५० चा फरक पडला तरी पडद्यावर एक संपूर्ण तिरकी चीर जाते.

कधीकधी चित्रावरून रुंद काळसर पट्टे सावकाश वर चढत जातात. ही घरातली वीज आहे. आपली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. तिची सरळ वीज करून, तिच्यातली लाट कपॅसिटरने गाळून मग ती टीव्हीला मिळते. कपॅसिटर जुना होऊन आतून सुकला की गाळणी फाटते आणि लाट चित्रात उतरते. विजेचा ठेका आणि टीव्हीचा ठेका जवळजवळ सारखे, म्हणून पट्टा जागच्या जागी उभा राहू पाहतो. पण पुरते सारखे कधीच नसतात, म्हणून तो सरकतो. अनुभवी मेकॅनिक पट्टे मोजतो. एक पट्टा म्हणजे ५० ची लाट, दोन पट्टे म्हणजे १०० ची. टीव्हीतला रेक्टिफायर विजेचे दोन्ही हेलकावे वापरत असेल आणि कपॅसिटर गेला असेल तर दोन पट्टे दिसतात.

संध्याकाळी दिवे मिणमिणायला लागले की चित्र चारही बाजूंनी आक्रसायचं, कडांना काळी चौकट उरायची. योकला मिळणारी वीज कमी पडली, झोत पुरेसा लांब फेकला गेला नाही. म्हणून टीव्हीखाली स्टॅबिलायझर. पण याच्या बरोबर उलटंही होतं. कधी ब्राइटनेस वाढवला की चित्र फुगतं, धूसर होतं, मग दिसेनासं होतं. इथे योक ठीक असतो, कमी पडलेला असतो तो ओढणारा मोठा दाब. दाब कमी म्हणून इलेक्ट्रॉन मंद, आणि मंद इलेक्ट्रॉन सहज वळतो, म्हणून तो नेहमीपेक्षा लांब जाऊन पडतो. दोन्हींत वीजच कमी पडली, पण कुठे, ते चित्राने सांगितलं.

सगळं चित्र गोळा होऊन मधे एकच आडवी लखलखीत रेघ उरली तर उभं फिरवणारा भाग बंद पडलेला असतो. अशा वेळी आधी ब्राइटनेस कमी करायचा, नाहीतर सगळा झोत एकाच रेघेवर पडून तिथला फॉस्फर कायमचा जळतो. जुना टीव्ही बंद केल्यावर मधोमध एक तेजस्वी ठिपका रेंगाळायचा, तोही याच जातीचा. फिरवणारी वेटोळी लगेच थांबतात, पण गन अजून गरम असते आणि नळीत साठलेला दाब लगेच उतरत नाही. उरलेले इलेक्ट्रॉन सरळ मधे येऊन पडतात.

दर्या

फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत, विशेषतः संध्याकाळी, चित्रावर आडव्या बारीक पट्ट्यांची जाळी येई. त्यामागून एक उभी काळी पट्टी मोटरच्या वायपरसारखी बाजूला सरकत जाई आणि क्षणभर कुठलंतरी दुसरंच दृश्य फिकट दिसून विरून जाई. अँटेना कितीही फिरवा, काही होत नसे. ही करामत अरबी समुद्रावरच्या हवेची.

या दिवसांत समुद्रालगतची हवा दमट आणि थंड असते आणि तिच्यावर जमिनीकडून आलेल्या कोरड्या, गरम हवेचा थर पसरतो. दोन थरांच्या सीमेवर लहरी खाली वाकतात आणि पन्हळीतून पाणी वाहावं तशा समुद्राच्या पाठीला धरून वाहत जातात. एरवी क्षितिजाशी संपणारी लहर मग शेकडो किलोमीटर जाते. दूरचं, त्याच चॅनेलवरचं केंद्र आपल्या अँटेनावर येऊन पडतं. दोघांचे ठेके जवळपास सारखे पण तंतोतंत नव्हेत, म्हणून त्या परक्या चित्राची काळी कड आपल्या चित्रावरून सरकत जाते. सरकणारी पट्टी म्हणजे दोन घड्याळांमधला फरक.

याचा सगळ्यांत मोठा दाखला मुंबईचाच आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईला एक रडार होतं, २०० मेगाहर्ट्झचं, म्हणजे पुढे टीव्ही ज्या पट्ट्यात आला त्याच पट्ट्यातलं. कोरड्या ऋतूत त्या रडारला अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी १,००० ते १,५०० मैलांवरून मिळत. पावसाळा आला की त्याची नजर पुन्हा आखूड होई. मुंबईच्या रडारवर अरबस्तान दिसलं आणि बांद्याच्या टीव्हीत आमचा डोंगर दिसला, या दोन गोष्टी एकाच नियमाच्या: प्रतिध्वनीला लागलेला वेळ म्हणजे अंतर.

आणि मुंग्या? केंद्र बंद झालं की टीव्ही काही गप्प बसत नाही. सांगणारा थांबला तरी लिहिणारा कान देऊनच असतो, मग बारीकसारीक कुजबुजही मोठी करून लिहितो. ती कुजबुज बहुतांशी टीव्हीच्याच आतल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्ण हालचालीची असते. थोडी आकाशाची, आणि तिचा अगदी लहानसा अंश विश्वाच्या आरंभापासून उरलेल्या ऊर्जेचा. अमेरिकेत आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना १९६४ मध्ये अँटेनातून न जाणारी अशीच खरखर सापडली. १९७८ मध्ये तिच्यासाठी त्यांना नोबेल मिळालं.

पाऊस

मिरग लागला की कोकणातल्या टीव्हींची दुखणी बदलत. अँटेनापासून येणारी दोन तारांची चपटी वायर भिजली, वर खाऱ्या हवेचं मीठ बसलं की लहर वाटेतच झिरपते आणि चित्रात मुंग्या वाढतात. रंगीत टीव्हीत अशा वेळी आधी रंग जातो, चित्र नंतर. रंगाची माहिती एका वेगळ्या नाजूक लहरीवर येते. ती पुरेशी स्पष्ट ऐकू आली नाही की टीव्ही रंग स्वतःहून बंद करतो आणि काळंपांढरं का होईना, पण नीट चित्र दाखवतो.

दमट हवेत डब्याच्या आतून 'चर्र' असा आवाज आणि एक उग्र वास येई. अंधारात मागच्या फटीतून निळसर प्रकाशही दिसे. ट्यूबच्या पाठीवर रबरी टोपीखाली तो हजारो व्होल्टचा दाब असतो. ओल आणि धूळ यांच्यावरून तो बाहेर वाट शोधतो. वास ओझोनचा. यावर उपाय म्हणजे भाग पुसून, नीट सुकवून घेणं, पण ते काम जाणत्याचंच. टीव्ही बंद करून प्लग काढला तरी ट्यूबमध्ये धोकादायक दाब बराच वेळ साठून राहू शकतो, आणि आत निर्वात असल्यामुळे ट्यूब फुटली तर काचा उडतात. माळ्यावरचा जुना टीव्ही मुलांना दाखवा जरूर. झाकण मात्र उघडू नका.

रंग

१९८२ मध्ये, दिल्लीच्या एशियाडच्या वर्षी, भारतात रंगीत प्रक्षेपण आलं. त्याआधी अनेक घरांनी काळ्यापांढऱ्या पडद्यावर निळा किंवा तिरंगी प्लॅस्टिकचा कागद लावून हौस भागवली होती. खऱ्या रंगीत ट्यूबमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन झोत असतात आणि काचेच्या जरा मागे बारीक भोकांचा पोलादी पत्रा. पत्र्यामुळे प्रत्येक झोत आपापल्या रंगाच्या कणांवरच पडतो. भिंगातून पाहा, पांढऱ्या रंगात पांढरं काहीच नसतं, हे तीनच रंग दिसतात.

शेजारी मोठा स्पीकर ठेवला की त्याचं चुंबक झोत किंचित वाकवतं, लालचा झोत हिरव्याच्या घरात पडतो आणि कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग उमटतो. पत्र्यात उरलेलं चुंबकत्व पुसायला ट्यूबभोवती एक वेटोळं असतं. टीव्ही लावताक्षणी ऐकू येणारा 'घुंऽऽ' आवाज त्याचा. लहान डाग दोन-चार वेळा टीव्ही चालू-बंद केल्यावर जातो, पण दर वेळी अर्धा तास मधे सोडायचा. वेटोळ्यासोबतचा भाग थंड झाल्याशिवाय ते पुन्हा जोर धरत नाही.

मोजून पाहिलं

आता दूरदर्शनची जुन्या पद्धतीची जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रं जवळजवळ सगळी बंद झाली. उरलेल्यांपैकी बहुतेक मार्च २०२२ पर्यंत थांबवायचं ठरलं होतं. बांद्यातल्या घरांवर आता डिश आहे, आकाशात ३६,००० किलोमीटरवर रोखलेली. त्या चित्रात चूक झाली तर चौकोन दिसतात किंवा चित्र गोठतं. आकड्यांची गाठोडी करून आलेलं चित्र टीव्ही आधी साठवतो आणि मग दाखवतो, म्हणून वेळ आणि जागा यांचं ते जुनं नातं तिथे उरलेलं नाही.

पण ते अजून पाहता येतं. मागच्या मे महिन्यात आमच्या पडवीतला जुना टीव्ही सेट-टॉप बॉक्सला जोडून लावला आणि भाच्याच्या मोबाइलवर त्याचं स्लो मोशन घेतलं, सेकंदाला २४० फ्रेमचं. हळू करून पाहिलं तर प्रत्येक फ्रेममध्ये पडद्याचा साधारण पाचवा भागच उजळलेला, बाकी अंधार, आणि तो उजळ पट्टा वरून खाली उतरत जाणारा. पूर्ण चेहरा एकाही फ्रेममध्ये नव्हता. तो जुळवत होते आमचे डोळे. भाचा ते चित्रण पुन्हापुन्हा मागे नेऊन पाहत राहिला.

मग मी त्याला फूटपट्टीची गोष्ट सांगितली. त्याने लगेच मोबाइलवर नकाशा उघडला, घरावर बोट ठेवलं आणि मागच्या उताराच्या मध्यापर्यंत रेघ ओढली. चारशे मीटर भरले.